आधी वाजवून दाखव

दर वर्षी 2 ऑगस्टला दादरा-नगर हवेलीतल्या आमच्या सिल्वासात मुक्तिदिन साजरा होतो. ऐन पावसाळा असतो. आदल्या रात्री आमची पोरं स्पीकरच्या पेट्यांवर ताडपत्री बांधतात, वायरींचे जोड जमिनीपासून वर उचलून पिशव्यांत गुंडाळतात आणि पहाटे मी मिक्सरपाशी उभा राहून एकेक माइक तपासतो. कुठल्या तरी शाळेचं नाहीतर मंडळाचं काम त्या दिवशी आमच्याकडे असतंच. झेंडावंदन, दोन भाषणं, मुलांची गाणी. दोन तासांत सगळं आटोपतं. तरी वर्षातल्या मोठ्यात मोठ्या ऑर्केस्ट्रापेक्षा हे दोन तास मला जवळचे वाटतात.

त्याला कारण आहे. 1954 साली दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सोडवायची ठरली, तेव्हा हे ठरवणाऱ्या तरुणांकडे जिद्द होती, पैसा नव्हता. सुधीर फडके यांनी पुढाकार घेतला आणि मे महिन्यात पुण्याला हिराबागेत लता मंगेशकरांचा गाण्याचा कार्यक्रम झाला. त्यातून मोहिमेसाठी निधी उभा राहिला. पुढे फडके स्वतः मोहिमेत उतरले. राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशी मंडळी त्यात होती, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. ज्या गावात मी पंचवीसहून जास्त वर्षं साउंड आणि लाइटचा धंदा करतोय, त्या गावाच्या सुटकेला गाण्याच्या एका कार्यक्रमाचा हातभार लागला होता. आमच्या धंद्याला कुणी ‘नाचगाण्याचं काम’ म्हणालं की मी त्याला ही गोष्ट सांगतो. वाद घालत नाही, फक्त सांगतो.

पण आज लिहायला बसलोय ते वेगळ्या कारणासाठी. हा धंदा मी कुणाकडून शिकलो, असं नवी पोरं विचारतात. अर्धा माझ्या वडिलांकडून शिकलो. उरलेला अर्धा अशा माणसाकडून, ज्यांना मी कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, 16 फेब्रुवारी 1944 ला, ते नाशिकला वारले. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब.

आमचं गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, तंबू सिनेमा होता. दिवाळी झाली की तंबू निघायचा तो आखाजीपर्यंत यात्रांमागून फिरायचा. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा, तिथला घोडेबाजार, तिथली गर्दी. ती आमची सुगी. सिनेमाची पेटी भुसावळहून यायची. पेटी आली की अण्णा आधी हात धुवायचे, मग रीळ काढून बोटांतून सरकवत कुठे तुटलंय, कुठे जोड कच्चा आहे ते बघायचे. मी शेजारी कंदील धरून बसायचो. एका फुटात 16 चौकटी, हे मला पाढे पाठ होण्याआधी पाठ होतं.

एका रात्री तिसरं रीळ चालू असताना जनरेटर बंद पडला. तास गेला, दुरुस्त होईना. तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या. अण्णांनी बाहेर बुकिंगच्या खिडकीत कंदील लावला आणि एकेकाला पैसे परत द्यायला बसले. रांग लागली. मी हळूच त्यांच्या कानात सांगितलं, “अण्णा, या दोघांनी तिकीट काढलंच नव्हतं, कनातीखालून शिरले होते.” अण्णांनी त्यांच्याही हातावर पैसे ठेवले. मला म्हणाले, “तिकीट काढणारा माणूस अंधारावर भरवसा ठेवतो. आत काय दिसणार, त्याला ठाऊक नसतं. तो भरवसा गेला तर उद्या तंबू कुणासाठी उभा करायचा?” दुसऱ्या दिवशी तंबू भरला. ते दोघं तिकीट काढून आले की नाही, ते मात्र मला दिसलं नाही.

आमच्या धंद्याचं मर्म मला त्या रात्री कळलं, शब्दांत मांडता यायला पुढे वीस वर्षं गेली. कापड हातात घेऊन पोत बघता येतो. धान्य मुठीत घेता येतं. करमणुकीचा माल आधी दाखवता येत नाही आणि आवडला नाही म्हणून नंतर परत करता येत नाही. मुलीच्या लग्नातली संध्याकाळ बिघडली तर ती पुन्हा येत नाही. म्हणून आम्हाला आवाज आणि उजेड यांच्या आधी भरवसा विकावा लागतो. तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा कसा, हे मी फाळक्यांच्या गोष्टींतून शिकलो.

अण्णा त्या गोष्टी रात्री तंबूत सांगायचे. फिरत्या सिनेमावाल्यांना फाळके घरच्या वडीलधाऱ्यासारखे. त्यांनीही आपला सिनेमा गावोगाव नेला होता. 1989 मध्ये घरोघरी व्हिडिओ आल्यावर अण्णांनी तंबू मोडीत काढला. 1993 मध्ये मी कामासाठी सिल्वासात आलो, तेव्हा माझ्याकडे त्यांच्या गोष्टी आणि सोल्डरिंगची एक कावी, एवढंच होतं. करसवलतींमुळे इथे तेव्हा कारखान्यांची रांग लागली होती. मी एका यार्नच्या कारखान्यात टेक्श्चरायझिंगच्या खात्यात लागलो. बारा तासांची पाळी, मशीनचा अखंड घरघराट. आमच्या आमलीच्या चाळीत सगळे खानदेशातले, उत्तर प्रदेशातले, ओडिशातले. सुट्टीच्या दिवशी माणसं नुसती बसून असायची. दिवसभर एवढा आवाज ऐकणाऱ्या लोकांना गाणं ऐकायला मिळत नव्हतं.

चार वर्षांनी साठवलेल्या पैशांतून एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि दोन माइक घेतले. विश्वकर्मा पूजा जवळ आली होती. 17 सप्टेंबरला इथल्या बहुतेक कारखान्यांत पूजा आणि कार्यक्रम असतो. मी गेटागेटावर फिरलो. ‘चांगला आवाज देतो, एकदा संधी द्या,’ म्हणालो. कुणी आत घेतलं नाही. एका मॅनेजरनी विचारलं, “तुझं काम कुणी ऐकलंय?” उत्तर नव्हतं.

त्या रात्री मला वाटाण्याच्या वेलाची गोष्ट आठवली.

1911 मध्ये गिरगावात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव असे पडद्यावर आले पाहिजेत, हे त्यांच्या मनानं घेतलं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, काम समजून घेतलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. सिनेमा काढायला मात्र पैसे उरले नव्हते आणि जो धंदा या देशात कुणी पाहिलाच नव्हता, त्याला पैसे कोण देणार? फाळक्यांनी भाषण केलं नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. महिनाभराहून जास्त. मग ती फिल्म सावकारीची ऐपत असलेल्या लोकांना दाखवली. त्यांच्या डोळ्यांसमोर बी फुटलं, अंकुर वर आला, वेल झाला, आणि हे सगळं काही क्षणांत. यशवंतराव नाडकर्णींसारखे लोक पैसे द्यायला पुढे आले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला.

मी पुढच्या रविवारी चाळीच्या पटांगणात माझे दोन स्पीकर बांधले. आमच्या चाळीत जळगावकडच्या लोकांचं भजनी मंडळ होतं. दर एकादशीला दहा-बारा जण खोलीत दाटीवाटीनं बसून म्हणायचे. त्यांना म्हटलं, आज बाहेर बसा. एक माइक पखवाजापुढे, एक बुवांपुढे. टाळांना माइक दिला नाही, टाळ आपोआप येतात. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. पहिला अभंग झाला आणि शेजारच्या तीन चाळी रिकाम्या होऊन पटांगणात आल्या. बुवांचा आवाज त्या लोकांनी कितीतरी वर्षं ऐकला होता, पण त्यातला श्वास, शेवटच्या अक्षरावरची थरथर त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. गर्दीत एका कारखान्याचे वॉचमन होते. मंगळवारी ते मला मॅनेजरकडे घेऊन गेले. “मी ऐकलंय साहेब,” म्हणाले. माझी पहिली सुपारी ही अशी, वॉचमनच्या शब्दावर मिळाली.

आधी दाखव, मग माग. एवढंच सूत्र. आजही नव्या गिऱ्हाइकाला मी फोनवरचे व्हिडिओ दाखवत नाही. ‘शनिवारी अमुक ठिकाणी आमचं काम आहे, येऊन मागे उभे राहा,’ असं सांगतो.

दुसरी गोष्ट सुरतेची. नकाशात बघा, सिल्वासाच्या उत्तरेला सुरत आणि पूर्वेला नाशिक. फाळक्यांचं जन्मगाव त्र्यंबकेश्वर आणि त्यांना पेच पाडणारी सुरत, या दोन्हींच्या मध्ये आमचं गाव. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला आणि चांगला चालला. नंतर तो सुरतेला नेला, तर पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये! लोक दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक बघायचे. ते दीड तासाच्या खेळाला तीन आणे कशाला देतील? थिएटरवाला म्हणाला, खेळ लांबवा नाहीतर तिकीट कमी करा. फाळक्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी जाहिरात बदलली. 57,000 छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत, अशी ती जाहिरात होती असं सांगतात. गल्ला तीनशेवर गेला.

या गोष्टीची किंमत मला सुरतेच्या गिऱ्हाइकांनीच समजावली. दमणगंगेच्या काठच्या रिसॉर्टांत सुरत, वापी, मुंबईकडच्या कंपन्यांचे मेळावे होतात. सुरुवातीला मी कोटेशनवर ‘दर्जेदार ध्वनिव्यवस्था’ असं लिहायचो. व्यापारी माणूस तो कागद उलटसुलट करून बघायचा आणि विचारायचा, “एटले शुं?” म्हणजे काय? मला राग यायचा. वाटायचं, यांना कलेची कदर नाही. पुढे समजलं, ते कदर करायला तयार होते, पण माझ्या मालाचं माप मी त्यांना देतच नव्हतो. कापड मीटरवर घेणाऱ्या, सूत वजनावर विकणाऱ्या माणसाला मी हवेतला शब्द देत होतो. मग मी लिहायला लागलो: माइक 8, त्यांतले 2 राखीव. गायक 4, वादक 6, गाणी किमान 30. जनरेटर आमचा, डिझेल आमचं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला बोललेलं स्वच्छ ऐकू येईल, हे पाहुणे यायच्या आधी तुम्ही स्वतः तिथे बसून तपासायचं. भाव तोच ठेवला. कामं वाढली.

पण याच रस्त्यावर मी घसरलोही. 2003 साली एका लग्नाच्या कोटेशनवर मी 20,000 वॉट लिहिले. माझ्याकडे होते 12,000. समोरचा दुसरा साउंडवाला मोठे आकडे टाकत होता, म्हणून मीही टाकला. लग्नाच्या दुपारी नवरीचा भाऊ स्पीकरच्या मागे गेला, एकेका पेटीवरचा आकडा वहीत लिहून घेतला आणि बेरीज करून माझ्यापुढे धरली. तो ओरडला नाही. “मामा, हे बारा होतात,” एवढंच म्हणाला. त्याच्या घरच्यांपर्यंत गोष्ट गेली नाही. संध्याकाळी आवाज उत्तम लागला, कुणी तक्रार केली नाही. तरी रात्री हिशेब करताना मी 8,000 रुपये कमी घेतले. नवरीच्या वडिलांना कारण कळेना. भावाला कळलं. त्यानंतर त्या घराचं एकही कार्य माझ्याशिवाय झालेलं नाही, पण ‘हे बारा होतात’ हा शब्द मला अजून ऐकू येतो.

त्या आठवड्यात एकदा डिझेलच्या पावतीमागे मी फाळक्यांच्या जाहिरातीचा हिशेब मांडला. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट सांगतात. एका फुटात 16 चौकटी, अण्णांनी शिकवलेलंच. म्हणजे 59,200. 57,000 हा आकडा जवळपास खरा! मग दोन मैल मोजले. दोन मैल म्हणजे 10,560 फूट. 3,700 फूट हा पाऊण मैलही भरत नाही. मी बराच वेळ त्या पावतीकडे बघत बसलो. छायाचित्रांची मोजदाद खरी होती आणि मैल फुगवलेले होते. गुरूकडून सगळंच घ्यायचं नसतं. मी त्यांची छायाचित्रं घेतली, मैल सोडले. आज माझ्या कोटेशनवरचा प्रत्येक आकडा पेटीच्या मागे जाऊन मोजता येतो, आणि तसं मी खाली लिहितोही.

फाळक्यांचं नाव घेताना सरस्वतीबाईंचं नाव घेतलं नाही तर हिशेब अपुरा राहतो. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडणं, अंधारात फिल्म धुणं, ही कामं त्या शिकल्या. शिवाय साठ-सत्तर माणसांचं जेवण. सिनेमात काम करणं तेव्हा बदनामीचं मानलं जाई. बायका मिळेनात म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. आणि ‘कुठे काम करता’ असं कुणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ असं सांगायचं ठरलं होतं. अशी दबून आलेली माणसं त्या घरात टिकली, ती पगाराइतकीच त्या पंगतीमुळेही टिकली असणार, असं मला वाटतं.

माझ्या घरीही हे शिक्षण बायकोकडूनच झालं. लग्नानंतर वर्षभरात ती माइकच्या पिना झाळायला शिकली. आजही आमच्याकडे तिच्याइतकी नीट पिन कुणी झाळत नाही: वायर सोलायची, तिन्ही तारा वेगळ्या करायच्या, आधी तारेला कथील पाजायचं आणि मग पिनेला टेकवायचं. घाई केली तर जोड वरून चकचकीत दिसतो आणि भर कार्यक्रमात करकर करतो. 2005 च्या पावसाळ्यात खानवेलकडे एक काम होतं. पाहुणे जेवले, यजमान जेवले, आणि रात्री बाराला आमच्या पोरांच्या वाट्याला भात संपलेला होता. परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं कामावर आले नाहीत. मी त्यांच्यावर चिडलो. बायको म्हणाली, “उपाशी पोटी वायरी ओढायला तुम्ही गेला असता का?”

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. जोडणी झाली, आवाज तपासून झाला की संध्याकाळी साडेसहाला आधी आमची माणसं जेवतात. डबे घरून जातात. यजमानाच्या पंगतीवर आम्ही अवलंबून नाही. खर्च वाढला, पण त्यानंतर माझ्याकडून जी पोरं गेली, ती बहुतेक स्वतःचं काहीतरी सुरू करायला गेली. पोट भरलेला माणूस मिक्सरवर झोपत नाही आणि रात्री दोनला वायर गुंडाळताना ती फेकत नाही. नव्या पोराची पारख मी त्यावरूनच करतो. कार्यक्रम चालू असताना सगळेच चपळ असतात. लोक निघून गेल्यावर, पावसात, चिखलानं माखलेली वायर जो पुसून, पीळ न पडू देता, गोल घडी करून ठेवतो, तो या धंद्यात राहतो.

मला सगळ्यात महागात पडलेला धडा भागीदारीचा. 1999 मध्ये एका मित्राबरोबर धंदा वाढवला. पैसा दोघांचा, कष्ट दोघांचे, कागद मात्र केला नाही. मैत्रीत कागद कशाला, असं दोघांनाही वाटलं. 2006 मध्ये नवीन जनरेटर घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा, यावरून बिनसलं. बिनसलं ते जनरेटरवरून नव्हतंच. कोणाचं किती, हे सात वर्षं कुणी बोललंच नव्हतं. एका दुपारी गोदामात बसून आम्ही स्पीकर वाटून घेतले. जोडीचे स्पीकर. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. वेगळे झालेले ते स्पीकर बघून जो घाव बसला, तो पैशाच्या नुकसानीचा नव्हता.

फाळक्यांच्या आयुष्यात हे पान फार दुखरं आहे. 1917 च्या ‘लंकादहन’नं एवढा पैसा केला की मद्रासला नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. 1918 मध्ये भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भांडवल आलं, ‘कालियामर्दन’सारखे चित्रपट झाले. पण पैसा घालणारे आणि चित्र काढणारे यांचं खर्चावरून, वेळेवरून जुळेना. फाळके बाहेर पडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, आणि काही वर्षांनी त्याच कंपनीत परत आले. ज्या माणसानं कॅमेऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं उभं केलं, त्याला कारखान्यातल्या नात्यांची घडी नीट बसवता आली नाही. शेवटची वर्षं ओढगस्तीची गेली. नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मी वर्षातून एकदा तिथे जातो. तिथे बसलो की मला त्यांच्या कीर्तीपेक्षा या गोष्टीची जास्त आठवण होते. आता माझ्याकडे मुलगा आहे, पुतण्या आहे, दोघं धंद्यात आहेत. त्यांच्याबरोबर पहिल्याच दिवशी वकिलाकडे बसून कागद केला. पुतण्याला वाईट वाटलं. “काका, माझ्यावर भरवसा नाही का?” म्हणाला. त्याला सांगितलं, “भरवसा आहे म्हणूनच लिहून ठेवतो. तो उद्याही राहिला पाहिजे.”

मग 2020 चा मार्च आला. लग्नसराईची 14 कामं वहीत होती, सगळ्यांचे ॲडव्हान्स आलेले, त्यातले बरेचसे नवीन दिव्यांत गुंतलेले. टाळेबंदीत सगळंच थांबलं. लोक स्वतःच अडचणीत होते, कुणी लगेच पैसे मागितले नाहीत. पण मला अण्णांचा कंदील दिसत होता. बायकोनं वहीतून 14 नावांची यादी केली. ज्यांची नोकरी गेली होती ती वर, कारखानदार खाली. सात महिन्यांत, दिव्यांचा एक संच विकून, सगळे पैसे परत केले. दोन वर्षांनी बाजार उघडला तेव्हा त्या 14 पैकी 12 घरं परत आमच्याकडे आली. उरलेल्या दोघांतल्या एकाकडे कार्य उरलं नव्हतं; ज्यांच्यासाठी ते होतं, ते आजोबा गेले होते.

या भागात आमच्या धंद्याहून जुनी करमणूक आहे. दुधनीकडच्या पाड्यांवर वारली, कोकणा लोकांत तारपा वाजतो. सुकलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांतून बनवलेलं ते वाद्य एक माणूस फुंकतो आणि हातात हात गुंफलेली माणसांची ओळ त्याच्याभोवती फिरत राहते. रात्र सरत जाते. तिथे ना तिकीट, ना मंच, ना माइक. एका कार्यक्रमात मी तारप्यापुढे माइक ठेवायला गेलो, तर त्या म्हाताऱ्या तारपकऱ्यानं हातानं तो बाजूला केला. मला वाटलं, लाजतोय. मग नाच बघितला आणि कळलं: तो वाजवत चालतो, वळतो, आणि नाचणारे त्याच्या वळण्याकडे बघून पाय बदलतात. माइकपुढे उभा राहिला असता तर नाच थांबला असता. मी माइक काढला आणि लोकांना अर्ध्या मैदानापर्यंत पुढे सरकायला सांगितलं. त्या रात्रीचं माझं काम एवढंच होतं, आणि त्याचे पैसे मी पूर्ण घेतले, कारण लोकांना ऐकू आलं.

त्याच पाड्यावरचा एक मुलगा तीन वर्षं माझ्याकडे होता. वायर उत्तम गुंडाळायचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आला आणि म्हणाला, “शेठ, मला स्वतःचं करायचंय. पन्नास हजार उसने द्या.” पैसे होते माझ्याकडे. मी दिले नाहीत. त्याचा चेहरा उतरला. गोदामातून दोन स्पीकर, एक छोटा मिक्सर, दोन माइक काढले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, “शनिवारी तुझ्या पाड्यावर लाव. कुणाकडून पैसे घेऊ नकोस. आधी वाजवून दाखव.”

सोमवारी सकाळी तो टेम्पो घेऊन आला. शनिवारी किती लोक आले, काय वाजवलं, ते त्यानं आधी सांगितलं नाही. खिशातून एक वही काढली. तीन कामं लिहिलेली होती: एक लग्न, एक बारसं, एक शाळेचं स्नेहसंमेलन. प्रत्येकापुढे माइक किती, स्पीकर किती, वेळ किती ते आकडे. आणि तिसऱ्या रकान्यात आलेला ॲडव्हान्स. मी पन्नास हजार आणून दिले. परतीची तारीख दोघांनी लिहिली, दोघांनी सही केली.

मग त्यानं स्पीकर उतरवले. पाठोपाठ वायरी काढल्या. सगळ्या पुसलेल्या, एकाच मापाच्या गोल घड्या, प्रत्येकीला दोरी बांधलेली. मी एक सोडून बघितली. कुठे पीळ नव्हता.